सोळा श्वास

केंद्रप्रमुखांनी दारातूनच सांगितले, आत यायचीही तसदी घेतली नाही. "मंगळवारवाली गेली. काल दुपारी. हॉस्पिटलनं तिच्या फॉर्मबद्दल विचारलंय. चार वाजता फॉर्मचं पुस्तक घेऊन वर या." एवढे बोलून ते चपला फटफटवत निघून गेले. ती तेव्हा अ‍ॅम्ब्युलन्सच्या मागच्या कप्प्यातल्या बँडेजच्या गुंडाळ्या मोजत होती, एकविसापर्यंत आली होती, आणि तिला पहिला राग आला तो मोजणी चुकल्याचा. दुसरा विचार आला की म्हातारी शेवटी खरोखरच आजारी पडली म्हणायची, आणि या विचाराचे तिला जरा हसूही आले. नाकातल्या नाकात. मग तिने पुढच्या सीटमागच्या खणातून पुस्तक काढले. फॉर्मची पांढरी प्रत हॉस्पिटलला जाते, गुलाबी पुस्तकातच राहते. मंगळवारची गुलाबी प्रत तिने उलगडली. स्त्री, वय एकाहत्तर. चौथा मजला. नाडी शहाण्णव. ऑक्सिजन त्र्याण्णव. तक्रार: घाबरल्यासारखे होते. आणि श्वासाच्या चौकटीत, कार्बनच्या निळ्या रेघांत, तिच्या स्वतःच्या, शाळेपासून कौतुक होत आलेल्या वळणदार अक्षरात, सोळा. तिला वाटले, कोणीतरी आपल्या अक्षराची नक्कल केली आहे. तिने त्या आकड्यावरून अंगठा फिरवला. अंगठ्याला निळा डाग लागला, आणि तो दिवसभर गेला नाही.

सोळा या आकड्याची तिला किळस होती. अ‍ॅम्ब्युलन्सवर शिकाऊ म्हणून आल्याच्या पहिल्याच आठवड्यात तिला कळून चुकले होते की या धंद्यातला सगळा खोटेपणा त्या एका आकड्यात भरलेला आहे. बाकी सगळ्याला यंत्र आहे. बोटाला चिमटा लावला की ऑक्सिजन येतो, नाडी येते. दंडाला पट्टा गुंडाळला की रक्तदाब येतो. श्वासाला यंत्र नाही. श्वास मोजायचा तर माणसाच्या छातीकडे पूर्ण एक मिनिट बघत बसावे लागते, घड्याळाकडे एक डोळा ठेवून, आणि एक मिनिट फार मोठे असते. नातेवाईक अंगावर येत असतात, खालून ड्रायव्हर हॉर्न वाजवत असतो. म्हणून कोणी मोजत नाही. धडधाकट माणसाचे श्वास मिनिटाला बारा ते वीस असतात, त्याच्या बरोबर मधला सोळा, कोणाच्या डोळ्यांवर न येणारा, म्हणून सगळे सोळा लिहितात. तिचा सीनियर तर सरसकट सोळाच लिहायचा. शिडीवरून पडलेल्या रंगाऱ्याला सोळा, कळा देणाऱ्या बाईला सोळा, झोपेच्या गोळ्या खाल्लेल्या मुलीला सोळा. एकदा त्याने दम्याने ओठ निळे पडलेल्या माणसाच्या फॉर्मवर सोळा लिहिले आणि वर त्याला ऑक्सिजनही लावला, वेळेवर, व्यवस्थित लावला, म्हणजे माणूस बघायचा एक आणि कागदावर लिहायचा दुसराच. तिने मनातल्या मनात त्याचे नाव सोळोबा ठेवले होते. कोणाला सांगितले नव्हते. त्या केंद्रावर जिला आपला विनोद सांगावा अशा लायकीचे माणूस तिला अजून भेटायचे होते.

सोळोबा छप्पन वर्षांचा होता. त्याचा उजवा गुडघा कामातून गेलेला होता. गाडी उभी असली की तो त्या पायातला बूट काढून पाय डॅशबोर्डवर टाकायचा आणि मोज्याच्या भोकातून त्याचा अंगठा तिच्याकडे बघत राहायचा. रोगी कोणीही असो, काहीही झालेले असो, तो त्याचा हात हातात घेऊन "होईल, होईल" म्हणायचा. काय होईल, ते कधी सांगायचा नाही. पहिल्या आठवड्यात तिने विचारले होते, "सर, तुम्ही श्वास मोजलेत?" तो म्हणाला, "बघितले की." ती म्हणाली, "बघणं वेगळं आणि मोजणं वेगळं. एक मिनिट तर लागतं फक्त." तो ड्रायव्हरकडे वळला आणि म्हणाला, "ऐकलंस का रे, आपल्याकडे मिनिटबाई आल्यात." ड्रायव्हर खिंकाळला. तेव्हापासून ती सगळ्या केंद्रात मिनिटबाई झाली, आणि खरे सांगायचे तर तिला ते आवडले. चिडवण्याचे नाव असले तरी त्यात पदवीचा वास होता. पाट्या टाकणाऱ्या या सगळ्या मंडळींत एक तरी माणूस मोजतो, हे चिडवता चिडवता का होईना, त्यांना मान्य करावे लागत होते. एकतीस वर्षांची होईपर्यंत तिने सात वर्षे टेलिफोनच्या तक्रारी ऐकण्याचे काम केले होते, कानाला यंत्र लावून, "आपली तक्रार नोंदवली आहे" असे दिवसातून दोनशे वेळा म्हणत. तक्रार नोंदवून ती कुठे जाते हे तिला ठाऊक होते. कुठेही जात नाही. ते सोडून ती इथे आली ती खरे काहीतरी करायला, आणि बघते तो इथेही तेच.

तिच्या या तुच्छतेचे मूळ फार जुने होते, आणि ते घरातच होते. तिची आई शाळेत शिक्षिका होती. परीक्षा झाल्या की पेपरांचे गठ्ठे घरी यायचे आणि आई जेवणानंतर पाय पसरून तपासायला बसायची. पहिले दहा-बारा पेपर ती ओळ न् ओळ वाचायची, समासात टीपा लिहायची. मग तिच्या जांभया सुरू व्हायच्या, आणि मग नुसतेच तांबडे पेन चालायचे. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. आईने न उघडताच पेपरावर पस्तीस लिहिलेले तिने पाहिले. "आई, तू वाचलाच नाहीस." आई म्हणाली, "अगं, या मुलीला आधीच्या तिन्ही चाचण्यांत पस्तीसच पडलेत. चौथीत काय ती दिवे लावणार आहे?" त्या मुलीचे नाव पेपरावर होते. ती हिच्याच वर्गातली होती, मागच्या बाकावर बसायची, आणि त्या चाचणीसाठी तिने किती घोकंपट्टी केली होती हे हिने डोळ्यांनी पाहिले होते. त्या दिवशी आईबद्दल तिच्या मनात काहीतरी मिटले ते मिटलेच. आई अजून आहे, निवृत्त झाली आहे, आल्यागेल्याला "आमची मुलगी हॉस्पिटलमध्ये असते" असे सांगते, अ‍ॅम्ब्युलन्स हा शब्द तोंडातून निघू देत नाही, आणि मुलगी तिच्या शेजारी बसून चहा पिते आणि मनात म्हणते, पस्तीस.

आणि आता हा सोळा. ती गाडीच्या मागच्या बाकावर बसली, पुस्तक मांडीवर घेऊन. आत स्पिरिटचा वास होता, रबराचा वास होता, सकाळच्या उन्हाने पत्रा तापायला लागला होता. समोरचे स्ट्रेचर रिकामे होते. तिने मंगळवार आठवायचा प्रयत्न केला आणि तो सरळ आठवेना. त्याच्या आधीचे चार मंगळवारच पुढे पुढे येऊ लागले. मंगळवारवाली म्हणजे एक एकटी बाई, चौथ्या मजल्यावर राहणारी, महिनाभरापासून दर मंगळवारी अकराच्या सुमाराला फोन करणारी. घाबरल्यासारखे होते म्हणे. केंद्रावर फोन आला की सगळे एका सुरात म्हणायचे, आली, मंगळवारवाली आली. दार उघडेच असायचे, बाई खुर्चीत बसलेली असायची, केस विंचरलेले, पिशवी भरून तयार, पिशवीत टॉवेल, चष्मा आणि औषधांच्या चिठ्ठ्या. तिला काहीही झालेले नसायचे. हॉस्पिटलमध्ये नेऊन सोडायचे, तिथे दोन तास बाकावर बसवायचे, आणि संध्याकाळी ती रिक्षाने घरी यायची. तिला तपासायची एक युक्ती होती, म्हणजे सगळ्यांनाच तपासायची: माणसाला आपला श्वास मोजला जातोय हे कळले की त्याचा श्वास बदलतो, म्हणून मनगट धरायचे, नाडी बघतोय असे भासवायचे, आणि बघायचे छातीकडे. ती ते पूर्ण मिनिट करायची. पहिल्या मंगळवारी सोळा भरले. तिला धक्काच बसला, खराखुरा सोळा तिने तोवर पाहिला नव्हता. दुसऱ्या मंगळवारी सोळा. तिसऱ्या, चौथ्या मंगळवारीही सोळाच. सोळोबाच्या खोट्या आकड्यात जाऊन फिट्ट बसणारी बाई जगात एकच आणि ती हीच असावी, याचाही तिला संताप आला. चौथ्या मंगळवारी बाई म्हणाली होती, "तुम्ही हात धरता ना, तेवढ्यानं निम्मं बरं वाटतं बघा मला." तिने हात सोडला. म्हणजे मी मोजते आहे आणि ही समजते आहे की मी हिचा हात धरते आहे. एका माणसाने आपले काम चोख करावे आणि दुसऱ्याने त्याला माया समजावे, याइतके केविलवाणे तिला काही वाटले नाही. घरी येऊन तिने हात धुतला होता.

मग हा पाचवा मंगळवार. लिफ्ट बंद होती. सोळोबा गाडीतून उतरून गुडघा चोळत जिन्याकडे बघत उभा राहिला आणि ती म्हणाली, "तुम्ही कशाला चढताय सर? मंगळवारवालीच तर आहे. मी आणते चालवत." तसे तिला एकटीने रोगी हाताळायचेच होते, शिकाऊपणाचे शेवटचे आठ दिवस राहिले होते, नोंदवहीत स्वतंत्र हाताळलेल्या रोग्यांच्या तीस ओळी भरायच्या होत्या, एकोणतीस भरल्या होत्या. वर बाई खुर्चीत होती. पिशवी भरलेली नव्हती. हे तिने पाहिले होते का? पाहिले होते. पिशवी रिकामी जमिनीवर पडली होती आणि ती तिने उचलून बाईच्या खांद्याला अडकवली होती. तिने बोटाला चिमटा लावला, दंडाला पट्टा लावला, आकडे आले तसे लिहिले. बाईने आपण होऊन मनगट पुढे केले. ते तिला आता स्पष्ट दिसले, जाडसर निळ्या शिरांचे मनगट, तळवा वर, कोणी मागितलेला नसताना पुढे केलेला हात, आणि त्याबरोबर मंगळवारी आलेली ती शिसारीही तशीच्या तशी आली. मी नाही धरणार. हिला काय वाटतं, मी हिच्यासाठी येते? आधीच्या चारही वेळा सोळाच होते. पाचव्यात काय वेगळे असणार आहे? आणि तिच्या हाताने लिहिले सोळा. बाईचा हात थोडा वेळ तसाच राहिला. मग तिने तो मांडीवर परत घेतला.

चार मजले बाई चालत उतरली. प्रत्येक वळणावर थांबली. ती एक पायरी पुढे उभी राहून घड्याळ बघत होती. खाली सोळोबा गाडीच्या दाराशी टेकून उभा होता. बाईला बघताच तो सरळ झाला. हे तिला आज नव्याने आठवले, तो टेकलेला होता आणि सरळ झाला. "धापा टाकतेय गं ही."

"जिना उतरलीय सर."

"वर असताना किती होता श्वास?"

"सोळा."

"मोजलेस?"

आणि ती म्हणाली होती, मान ताठ करून, अगदी त्याच्या वर्मी लागेल अशा सुरात, "मी न मोजता कधी लिहिते का?" तो क्षणभर बाईकडे बघत राहिला, त्याचे तोंड काहीतरी बोलायला उघडले होते, मग ते मिटले. "ते खरं," तो म्हणाला, आणि पुढे जाऊन ड्रायव्हरशेजारी बसला. मागे ती बाईसमोर बसून नोंदवहीची तिसावी ओळ भरत होती. हॉस्पिटलमध्ये सिस्टरने फॉर्मवरून नजर फिरवली, सोळा बघितले, ओळखीचे तोंड बघितले, आणि बाकाकडे बोट केले. बाकावर बाई साडेतीन तास होती. फुप्फुसात दोन्हीकडे जंतू पसरलेले होते, ताप नव्हता, म्हाताऱ्या माणसांना पुष्कळदा येतही नाही. कोणी तरी शेवटी मोजले तेव्हा श्वास अडतीस भरले. हे सगळे ड्रायव्हरने केंद्रप्रमुख गेल्यावर सांगितले, काच पुसता पुसता. त्याला गाडी चालवण्यापेक्षा पुसण्यातच रस होता. "सीनियरची सोळाची सवय शेवटी नडलीच बघा, मॅडम. वर सगळे तेच बोलतायत. मी म्हटलं होतं एक दिवस हे अंगाशी येणार."

तो काच पुसत राहिला. आणि त्या किचकिच आवाजात तिला हळूहळू उमजले की तिला काही म्हणायची गरजच नाही. फॉर्मवर दोन सह्या होत्या, तिची आणि त्याची. अक्षर तिचे असले तरी आकडा त्याचा होता, सगळ्या केंद्राला तो आकडा त्याच्या नावाने ठाऊक होता, आणि ती तर मिनिटबाई. तिला तोंड उघडून खोटे बोलायचेसुद्धा नव्हते. नुसते गप्प बसायचे होते. आठ दिवसांत प्रमाणपत्र हातात येणार होते. तिला सुटल्यासारखे वाटले आणि त्याबरोबरच सोळोबाबद्दल एक गरमागरम, जवळजवळ सुखाची अशी चीड आली. आयुष्यभर पाट्या टाकल्या याने. माझा तरी एकच. याचे हजारो असतील, आणि त्या हजारांतल्या एखाद्याने तरी कोणाला बाकावर बसवून मारले नसेल कशावरून? हा एक आकडा माझा असला तरी गुन्हा त्याचाच आहे. त्याच्यासोबत बसून बसून मला लागला, सर्दी लागावी तसा. पुरावा म्हणून दाखवायला बरे, म्हणून ती पुस्तक पहिल्या पानापासून चाळू लागली. त्याचे सोळा एकेक करून शोधावेत, पानांना खुणा घालाव्यात, आणि चार वाजता कोणी विचारलेच तर पुस्तक उघडून द्यावे.

पुस्तक चार महिन्यांपूर्वी सुरू झालेले, म्हणजे ती या गाडीवर आली त्याच आठवड्यात. त्याचे अक्षर कोंबडी शाईत पाय बुडवून चालल्यासारखे. सोळा. सोळा. सोळा. तिने कागदाच्या चिठ्ठ्या फाडून खुणा घातल्या. पंधरा-सोळा पाने झाली. मग एक अठरा आला. असेल, तिला वाटले. पुढे एका फॉर्मवर सोळा लिहून खोडले होते आणि वर वीस केले होते. पुढे चौदा, चोवीस, अठरा, बावीस. सगळे सम आकडे, आणि तिला ताबडतोब कळले की हे अर्ध्या मिनिटाचे दुप्पट आहेत. तीस सेकंद मोजून दोनाने गुणले की आकडा नेहमी सम येतो, वर्गात त्यांना तसे करू नका म्हणून बजावले होते. मग दुसऱ्या महिन्याच्या मध्यावर कुठेतरी सतरा आला. एकवीस आला. एकोणीस, पंधरा, सत्तावीस. विषम आकडा अर्ध्या मिनिटातून येत नाही. त्यासाठी पूर्ण मिनिटच बसावे लागते. ती पाने उलटत गेली, पुढे पुढे, आजच्या सकाळपर्यंत. सोळा नव्हता. दोन महिन्यांत त्याच्या अक्षरात एकही सोळा नव्हता. मग तिला ते घड्याळ आठवले. त्याने मध्येच एक दिवस सेकंदकाटा असलेले जाडजूड घड्याळ घालायला सुरुवात केली होती आणि ती मनात म्हणाली होती, म्हाताऱ्याला थेर सुचताहेत. आणि त्याचे ते रोग्याचा हात हातात घेऊन पुटपुटणे. "होईल, होईल" एवढेच तिने ऐकले होते; पुढे त्याचे ओठ हलत राहायचे ते तिने पाहिले होते आणि म्हातारपणाचा चळ समजून सोडून दिले होते. तो मोजत होता. छप्पनाव्या वर्षी, कोणाला न सांगता, एका शिकाऊ पोरीने टोमणा मारला म्हणून तो मोजायला शिकला होता, आणि ती त्याच्या हातभर अंतरावर बसून त्याला सोळोबा म्हणत होती. पुस्तकातल्या गेल्या दोन महिन्यांत सोळा फक्त तिच्या अक्षरात होते, आणि ते सगळे एकाच बाईचे होते. चार खरे आणि एक खोटा. तिने आधी घातलेल्या चिठ्ठ्या काढून टाकल्या आणि मुठीत चुरगाळल्या. गाडीत बसवत नव्हते तरी ती बसून राहिली.

चार वाजता केंद्रप्रमुखांच्या खोलीत सोळोबा आधीच बसलेला होता, गुडघा लांब करून. खोलीत एक कपाट, एक टेबल, भिंतीवर श्वासनलिकेचे जुने चित्र. केंद्रप्रमुखांनी तिला बसायला सांगितले, बऱ्याच अदबीने. तिची नोंदवही त्यांच्यासमोर उघडी होती, शेवटच्या पानावर, सहीच्या जागेवर पेन आडवे ठेवलेले. "हे बघा," ते म्हणाले, "तुम्ही घाबरू नका. तुमच्याबद्दल कोणाची काही तक्रार नाही. अक्षर तुमचं आहे, पण सोळा कोणाचा ते सगळ्यांना माहीत आहे. यांनी सांगितलं म्हणून तुम्ही लिहिलं, एवढं लिहून द्या. दोन ओळी."

सोळोबा खिडकीकडे बघत होता. "साहेब," तो म्हणाला, "सही माझी आहे, काय ते मी भोगतो. पण मी सांगितलं म्हणून ती लिहिणार नाही. तिनं मोजलेत. वर असताना सोळाच असणार, वाढला असेल तो वाटेत. ही मोजल्याशिवाय लिहीत नाही."

"तुम्ही सांगणार मोजल्याचं!" केंद्रप्रमुख हसले. "तुम्ही?"

त्याचा चेहरा तिने त्या वेळी पाहिला. त्याला ते लागले होते, पण नवे नव्हते. टोमणे खायची सवय असलेल्या माणसासारखा तो खाली आपल्या बुटाकडे बघू लागला. आणि तिच्या मनात, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, कोणाबद्दलही तुच्छतेचा शब्द उमटला नाही. उमटला तो फक्त स्वतःबद्दल, आणि तो आईचा आकडा होता. तिने पुस्तक टेबलावर ठेवले, नोंदवहीच्या वर, सहीच्या पेनावर. पान उघडले. "सर मोजतात," ती म्हणाली. "दोन महिने झाले. सतरा बघा, एकवीस बघा, हे सत्तावीस. यांच्या हातचा एकही सोळा नाही यात. मंगळवारचा माझा आहे. मी मोजले नव्हते. खाली सरांनी मला विचारलं होतं, मोजलेस का म्हणून. मी खोटं सांगितलं."

केंद्रप्रमुखांनी पाने उलटून पाहिली, मग तिच्याकडे पाहिले, आणि अदब गेली. "का? एक मिनिट तर लागतं."

याचे उत्तर तिच्याकडे होते. बाईनं मनगट पुढे केलं होतं आणि मला ते धरायचं नव्हतं. पण हे टेबलावर ठेवण्यासारखे उत्तर नव्हते, आणि ती म्हणाली, "आधी चार वेळा सोळाच होते." सोळोबाने मान वर केली. तो तिच्याकडे बघत होता, रागाने नव्हे. एखादी वस्तू आपण इतके दिवस खरी समजून वापरत होतो आणि कोणी ती खोटी म्हणून सांगावी, तसा तो बघत होता. त्याचे तोंड मंगळवारी गाडीच्या दाराशी उघडले होते तसे उघडले, आणि या वेळी ते लगेच मिटले नाही. "मला दिसत होतं," तो म्हणाला. तिला नव्हे, कोणालाच नव्हे. "मला दिसत होतं की तिचं काहीतरी बिनसलंय. मी म्हटलं, हिनं मोजलंय."

केंद्रप्रमुखांनी नोंदवही मिटली आणि खणात टाकली. प्रमाणपत्र विसरा म्हणाले. चौकशी समिती बसेल, समितीने परवानगी दिली तर शिकाऊपणा पुन्हा, दुसऱ्या केंद्रावर, पहिल्या पानापासून. सहीबद्दल सीनियरलाही जाब द्यावा लागेल. आज बदली माणूस नाही, तेव्हा सहापर्यंत ड्यूटी करा आणि मग कपडे जमा करून जा. त्यांचे बोलणे अजून पुरते संपले नव्हते तोच खालून ड्रायव्हरने हाक मारली. फोन आला होता.

एका शिंप्याचे दुकान होते, रस्त्याला लागून, एक पायरी चढून. शिंपी मशीनवरच कलंडला होता. त्याच्या माणसांनी त्याला जमिनीवर कापडाच्या गठ्ठ्याला टेकवून बसवले होते. गळ्यात टेप तशीच लोंबत होती. भिंतीला अंगभर उंचीचा आरसा होता आणि त्यात सगळे दुप्पट दिसत होते, कात्र्या, कपडे, बघे, आणि ती. तिने चिमटा लावला, पट्टा लावला, आकडे सांगितले; सोळोबाने उभ्याउभ्याच फॉर्मवर उतरवले. मग तिने शिंप्याचे मनगट धरले. त्याच्या बोटाला सुयांची बारीक भोके होती. ती छातीकडे बघत राहिली, एक डोळा घड्याळावर, सेकंदकाटा हळूहळू फिरत राहिला, कोणीतरी मागून ओरडले की अहो बसलात काय, उचला ना, आणि तिने हात सोडला नाही. साठ सेकंद झाले. "बावीस, सर," ती म्हणाली.

सोळोबाचे पेन श्वासाच्या चौकटीवर टेकलेले होते. तो लिहीना. त्याने पेन खिशाला लावले, फॉर्म ड्रायव्हरच्या हातात दिला, आणि एका हाताने मशीनचा आधार घेऊन, दात आवळून, तो आजारी गुडघा वाकवत वाकवत खाली बसला. शिंप्याचे दुसरे मनगट त्याने हातात घेतले. "होईल, होईल," तो म्हणाला. मग त्याने बाही वर सारली, घड्याळ समोर धरले, आणि त्याचे ओठ हलू लागले. ती उठून बाजूला झाली. हातांचे काय करायचे ते तिला कळेना. दारात ड्रायव्हर स्ट्रेचर घेऊन ताटकळत होता. आरशात ती उभी होती आणि तो बसलेला होता. मिनिट संपता संपेना.

"बावीस," सोळोबा म्हणाला, स्वतःशीच, आणि फॉर्म मागून घेऊन त्याने ते लिहिले.